खिडकी क्रमांक दोन

नौदलात माझ्या हुद्द्याचं नाव होतं रायटर.
बावीस वर्षं लिहिलं: रजा, रेशन, बदल्या,
कोणाच्या बायकोला कितवा महिना.
आता वास्कोत, मांगोर टेकडीवरच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात
कंत्राटावर बसतो
आणि एका सोमवारपासून पावत्या फाडतो.
बाह्यरुग्ण तपासणी, दर खेपेस, रुपये तीस फक्त.

कागद मीच चिकटवला.
चिकटपट्टी खाऱ्या हवेत सुटत राहिली,
म्हणून चारी कोपऱ्यांना जखमेची पट्टी लावली.
ती अजून फुकट आहे.

पहिले आले सुभेदार लवू गावस, वाळपईहून,
पहाटेची कदंबा, मग पणजीला बदलून दुसरी,
हातात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, रबरात बांधलेल्या.
कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.
"आमच्या वेळी खिडकीतून पैसे बाहेर यायचे," म्हणाले,
"सलाम ठोकायचा आणि घ्यायचे."
मी म्हटलं, सर, नियम आहे.
त्यांनी गुडघा थोपटला. आत अजून वाटाण्याएवढं लोखंड आहे.
"हे घातलं तेव्हा पावती मिळाली नाही बघ,
नाहीतर आणली असती."
रांग हसली. तेही हसले.
पन्नासाची नोट सरकवली, माझ्याकडे वीस सुटे नव्हते.
त्यांचे वीस रुपये अजून माझ्याकडे आहेत.

कायतान फुर्तादो बॉयलरपाशी कान घालवून बसलेले.
त्यांना आकडा ऐकू जाईना.
ओरडलो, मग चिठ्ठीवर लिहिला: ३०.
"एमएल?" त्यांनी विचारलं,
"मागीर सोडा खंय?"

मोरजीच्या सत्यभामाबाई शेटगावकरांनी मात्र
पावती उलटून पालटून पाहिली.
"हा त्यांचा नंबर," म्हणाल्या. "आणि मी कुठे?"
मी बोट ठेवलं: अवलंबित, एक.
बऱ्याच वेळाने नाव पुकारलं तेव्हा बाकावर कोणी नव्हतं.
पैसे भरलेले. पावती सोबत नेलेली.

मग लोक शिकले.
दुखणी साठवून आणू लागले,
कान, गुडघा आणि रात्रीचा खोकला एकाच खेपेत,
जसं बाजाराला जाताना शेजाऱ्याचंही सामान विचारून घेतात.
डॉक्टरीणबाई सांगतात, एका पावतीवर एकच विभाग.
मग ते ठरवत बसतात, कोणतं दुखणं आज आणि कोणतं पुढच्या वेळी.
काही जण तिथूनच परत फिरतात.

साहेब वाईट नाहीत.
म्हणाले, फुकट असलं की लोक उगाच येतात.
खोटं कसं म्हणू?
येत होते की. रक्तदाब मोजायला म्हणून येत होते,
पंख्याखाली बसून जुन्या जहाजांची नावं काढत होते,
तिसऱ्या बाकाचं पाठीकडचं लाकूड
त्यांच्याच शर्टांनी गुळगुळीत झालं आहे.
तीन महिन्यांनी अहवाल मीच लिहिला:
अनावश्यक भेटींत लक्षणीय घट.
रायटरला अक्षर सुबक काढावं लागतं.
अनावश्यकांची नावं मला पाठ होती,
पण त्यासाठी रकाना नव्हता.

काल संध्याकाळी हिशोब जुळेना.
तीस रुपये जास्त.
पुन्हा मोजले, नाणी वेगळी केली, पुस्तकाची पानं चाळली.
कोणीतरी पैसे ठेवून पावती न घेताच गेलं,
किंवा गर्दीत मीच फाडायला विसरलो.
(गर्दी? किती होते काल, अकरा?)
कमी पडले तर माझ्या पगारातून कापतात.
जास्तीचं काय करायचं हे परिपत्रकात नाही.

माझी पाठ मार्चपासून दुखते आहे.
डॉक्टरीणबाईंचं दार इथून नऊ पावलांवर.
शिपाई दिवे मालवायला आला,
त्याला म्हटलं, थांब जरा.
पुढचं पान उघडलं, कार्बन सरळ केला,
नंबर लिहिला, माझा, न बघता.
रकमेच्या रकान्यापाशी
पेन तसंच धरून बसलो.